बास्केट होण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बास्केटबॉलमध्ये मोठा खेळाडू कोण, असे कुणालाही विचारा, उत्तर तयार असते: जो जास्त गुण करतो तो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते तेही एवढेच. अमक्याने अठ्ठावीस गुण केले, तमक्याने बावीस. पण चेंडू रिंगमधून खाली पडतो तो क्षण आक्रमणाचा शेवटचा क्षण असतो. त्याआधी मैदानात जे घडते त्याची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. आज महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासातली काही पाने आपण उलटून पाहू आणि आक्रमणातला मोठेपणा कशात असतो ते शोधू. हा प्रश्न निव्वळ शौकिनांचा नाही. आपल्याकडे अनेक वस्त्यांत खेळाच्या जोरावर कॉलेजचा प्रवेश मिळतो, रेल्वेतली किंवा पोलिसातली नोकरी मिळते. तिथे 'मोठा खेळाडू कोण' याच्या उत्तरावर एखाद्या घराची चूल अवलंबून असते.

सुरुवात डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी झाली. वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, आत कंटाळलेले अठरा विद्यार्थी. नायस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. त्यांतला एक नियम फार महत्त्वाचा होता. चेंडू हातात घेऊन पळायचे नाही; जिथे झेलला तिथूनच तो पुढे टाकायचा. चेंडू आपटत पुढे नेण्याची, म्हणजे ड्रिब्लिंगची, युक्ती नंतर आली. म्हणजे या खेळाचा जन्मच मुळी दुसऱ्याला चेंडू देण्यातून झाला. आक्रमणाचा पहिला धडा 'दे' हा होता. 'घे' नंतर आले.

हा खेळ आपल्याकडे आला तोही वायएमसीए आणि मिशनऱ्यांबरोबर. मुंबईत त्याने घर केले ते नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. गिरणी कामगार, गोदी कामगार, विणकर यांच्या दाट वस्तीतले ते समाजकेंद्र होते. पुढे १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय याच जागी सुरू झाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच.

आम्हा भिवंडीकरांना नागपाडा परका नाही. त्याला लागूनच मदनपुरा. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर तिथे स्थिरावले आणि त्यांच्या नात्यागोत्याचे धागे पुढे भिवंडी-मालेगावपर्यंत पोहोचले. आमच्या निजामपुऱ्यातल्या कितीतरी घरांत मदनपुऱ्याची पाहुणेमंडळी येतात, आणि त्यांच्या बोलण्यात क्रिकेटइतकाच बास्केटबॉलही असतो. याच नागपाड्यातून गुलाम अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू पुढे आला. त्यांनी भारताचे नेतृत्व केले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. मस्तान वायएमसीएचे कोर्ट, बच्चू खान मैदान ही नावे आजही मुंबईच्या बास्केटबॉलमध्ये आदराने घेतली जातात. क्रिकेटला लागते तेवढी जमीन ज्या वस्तीकडे नव्हती, तिने एका कोर्टात मावणारा खेळ आपला केला.

आता १९३६ हेच साल घेऊ. बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा त्या वर्षी प्रथमच समावेश झाला आणि म्हातारे नायस्मिथ स्वतः तिथे हजर होते. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या हुतुतूचे प्रात्यक्षिक दाखवले. एक खेळ स्प्रिंगफील्डचा, दुसरा आपल्या मातीतला; दोघांची एकाच शहरात गाठ पडली. बास्केटबॉलचा अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टावर झाला. पाऊस कोसळत होता. चिखलात चेंडू आपटला तर वर येईना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. जगातले उत्तम खेळाडू, आणि दोन्ही संघांचे मिळून सत्तावीस गुण! आक्रमण नुसत्या खेळाडूच्या अंगात नसते. पायाखालच्या जमिनीतही असते, हे त्या चिखलाने दाखवून दिले. ज्यांच्या उघड्या कोर्टावर दरवर्षी चार महिने पाणी साचते, त्या कोकणपट्टीतल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

हुतुतूची आठवण आणखी एका कारणासाठी काढली. आपल्या भाषेत 'हूल' हा नेमका शब्द आहे. कबड्डीत चढाई करणारा एका बाजूला खांदा टाकतो, पकड करणारे तिकडे झुकतात आणि तेवढ्यात त्याचा पाय दुसऱ्या बाजूच्या गड्याला स्पर्श करून परततो. बास्केटबॉलमध्ये हेच होते. डोळे एकीकडे, खांदा दुसरीकडे, चेंडू तिसरीकडे. नुसता वेगवान खेळाडू पकडला जातो, कारण त्याचा वेग सारखाच राहतो. चांगला आक्रमक वेग बदलतो. तो मध्येच थबकतो, समोरचा सैल पडतो आणि त्या अर्ध्या क्षणात तो निसटतो. पळण्याइतकेच थांबणेही शिकावे लागते.

त्याच १९३६ च्या ३० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा सामना लाँग आयलंड विद्यापीठाशी झाला. लाँग आयलंडचा संघ सलग ४३ सामने जिंकून आला होता. तोपर्यंतची रीत अशी की दोन्ही पाय जमिनीवर रोवायचे आणि दोन्ही हातांनी चेंडू फेकायचा. स्टॅनफर्डचा हँक लुइसेट्टी मात्र पळता पळता एका हाताने शॉट मारत असे. जुन्या प्रशिक्षकांना तो पोरखेळ वाटे. त्या रात्री स्टॅनफर्डने ४५-३१ असा विजय मिळवला आणि ती मालिका संपली. त्यानंतर गावोगावची मुले एका हाताने शॉट मारू लागली. लुइसेट्टीने केले ते इतकेच, की पाय रोवण्यात जाणारा वेळ वाचवला. बचाव करणाऱ्याला तोच वेळ हवा असतो.

शॉटमागे एक साधे गणितही आहे. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे २४. चेंडू सरळ वरून आला तर त्याला पूर्ण ४५ सेंटिमीटरचे तोंड मिळते. तो ४५ अंशांच्या कोनात उतरला तर तेच तोंड सुमारे ३२ सेंटिमीटरचे होते. आणि ३० अंशांत सपाट आला तर उरते साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी. मग तो रिंगला आपटल्याशिवाय आत जाणे शक्यच नाही. म्हणून चांगला नेमबाज चेंडूला उंच कमान देतो. ही कमान मनगटातून आणि बोटांच्या टोकांतून येते, आणि रोजच्या शेकडो शॉट्सशिवाय ती येत नाही. उंची जन्मतः मिळते. कमान कमवावी लागते.

मोठे खेळाडू आले तसे नियमही बदलत गेले. पन्नासच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा बिल रसेल रिंगखाली असा उभा राहू लागला, की महाविद्यालयीन खेळात रिंगपुढचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करावा लागला. उंच खेळाडूंना आवर घालायला रिंगमध्ये चेंडू वरून कोंबण्यावर, म्हणजे डंकवर, १९६७ ते १९७६ बंदी होती. उलट टोकही पाहा. १९५० मध्ये अमेरिकेतल्या एका व्यावसायिक सामन्याचा निकाल १९-१८ असा लागला, कारण एका संघाने चेंडू नुसता आपल्याकडे ठेवून वेळ काढला. प्रेक्षक वैतागले. १९५४ मध्ये तिथे चोवीस सेकंदांत शॉट मारण्याचे बंधन आले. कॉलेजच्या खेळात असे बंधन सर्वत्र यायला १९८५ उजाडले. आपल्या कबड्डीत चढाईला तीस सेकंद असतात, तशीच ही गोष्ट. वेळ मोजला जाऊ लागला तेव्हा निर्णयाला किंमत आली. चोवीस सेकंदांत काय करायचे नाही, हे ज्याला कळते तो अर्धी लढाई जिंकतो.

१९८६ पासून अमेरिकन कॉलेजांत लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण मिळू लागले. हिशेब करून पाहा. जवळून शंभर शॉट मारले आणि पन्नास आत गेले, तर शंभर गुण. लांबून शंभर मारले आणि चौतीसच आत गेले, तरी एकशे दोन. एवढ्या एका हिशेबाने मैदानाची भूमिती बदलली. नेमबाज लांब उभा राहिला की बचाव करणाऱ्यालाही तिकडे जावे लागते आणि रिंगखाली वाट मोकळी होते. म्हणजे एखाद्याने चेंडूला हातही न लावता नुसते योग्य जागी उभे राहून साथीदाराला बास्केट मिळवून दिली, असे होऊ शकते. त्याचे नाव कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता आकड्यांचा सर्वांत मोठा माणूस पाहू. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पीट मॅराविचने १९६७ ते १९७० या तीन हंगामांत ८३ सामन्यांत ३,६६७ गुण केले. सरासरी ४४.२, आणि तीही तीन गुणांची रेषा नसताना. पाठीमागून पास, पायांमधून ड्रिब्लिंग, सगळे त्याच्याकडे होते. पण त्या तीन वर्षांत त्याच्या संघाला राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकदाही जागा मिळाली नाही. तो लहान ठरतो असे मी म्हणत नाही. बचाव करणारे तिघे-तिघे त्याच्यावर धावून जात आणि तरी तो गुण करी. एवढेच दिसते, की आकडा एकट्याचा असतो आणि विजय पाचांचा.

त्याच्या शेजारी १९७३ चा अंतिम सामना ठेवा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बिल वॉल्टनने २२ पैकी २१ शॉट आत टाकले आणि ४४ गुण केले. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधली ती अजरामर कामगिरी मानतात. पण त्या सामन्यात ग्रेग ली नावाच्या गड्याने असे १४ पास दिले, ज्यांवर थेट बास्केट झाल्या. वॉल्टन उडी मारी तेव्हा चेंडू हवेत त्याची वाट पाहत असे. लीचे नाव आज किती जणांना आठवते? यंत्रमागावर कापड दिसते, धोटा दिसत नाही. पण धोटा थांबला की ताणा नुसता ताणलेला राहतो.

दोन्ही गुण एका ठिकाणी पाहायचे तर आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क पाहावी. मार्च २०२४ मध्ये तिने मॅराविचचा ३,६६७ चा आकडा ओलांडला आणि कॉलेजची कारकीर्द ३,९५१ गुणांवर संपवली. तिला चार हंगाम मिळाले आणि तीन गुणांची रेषाही. पण माझे लक्ष गेले ते दुसऱ्या आकड्याकडे: तिने दिलेल्या पासवर साथीदारांच्या १,१४४ बास्केट झाल्या. ती लांबून मारील या भीतीने बचाव पुढे सरके, आणि तेवढ्यात चेंडू दुसरीच्या हाती जाई. तिने स्वतःविषयीच्या भीतीचेही दान केले.

मी मराठीत कविता लिहितो आणि भिवंडीत उर्दू मुशायरे ऐकत आलो आहे. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो. ऐकणारा मनात दुसरी ओळ जुळवू लागतो. साधा शायर तीच ओळ देतो, जी श्रोत्याने आधीच ताडलेली असते. मोठा शायर अशी ओळ देतो, जी कुणाच्या मनात नव्हती पण ऐकल्यावर वाटते की हीच यायला हवी होती. मोठ्या आक्रमक खेळाडूचा पास मला तसाच वाटतो. समोरच्याच्या अंदाजाचा तो उपयोग करतो.

आपल्या देशाचे काय? भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकला एकदाच गेला, १९८० मध्ये मॉस्कोला, आणि सर्व सामने हरला. उलट २०१७ मध्ये बंगळुरूत भारतीय महिलांनी आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून वरच्या गटात जागा मिळवली. त्या संघात पुण्याच्या शिरीन लिमये होत्या. पुढे त्यांनी भारताचे नेतृत्वही केले. दोन गुणांच्या फरकाने जिंकलेल्या सामन्यात कुठला एक पास, कुठली एक हूल निर्णायक ठरली, हे गुणफलक सांगत नाही.

आणि इथेच निवडीचा प्रश्न येतो. कॉलेजच्या किंवा जिल्ह्याच्या निवड चाचणीत मुलाला काही मिनिटे मिळतात. त्याला ठाऊक असते की वहीत गुण लिहिले जातात. मग मोकळा साथीदार दिसत असूनही तो स्वतःच शॉट मारतो. आपण त्याला स्वार्थी म्हणतो, पण तो आपण ठेवलेल्या रकान्याप्रमाणे वागत असतो. वहीत आणखी तीन रकाने आखले तरी पुष्कळ होईल: किती पासवर बास्केट झाल्या, किती वेळा चेंडू गमावला, आणि चेंडू हातात नसताना तो कुठे होता. गरीब घरातला, बेताच्या उंचीचा, पण मैदान वाचणारा मुलगा या रकान्यांत सापडेल. आणि मुलगीही.

आता तीन-तीन खेळाडूंचा, एकाच रिंगवरचा बास्केटबॉलही ऑलिम्पिकमध्ये आला आहे. २०२१ साली टोकियोत तो प्रथम खेळला गेला. त्याला पंधरा मीटर बाय अकरा मीटर जागा पुरते, आणि शॉटसाठी बाराच सेकंद मिळतात. यंत्रमाग आणि गोदामे यांच्या मधून वाट काढणाऱ्या आमच्या भिवंडीसारख्या शहरात एवढी जागा शोधली तर मिळेल. एक खांब, एक रिंग, पाणी न साचणारी फरशी आणि संध्याकाळी दोन तास दिवा. नागपाड्याने मोठे खेळाडू घडवले तेव्हा त्याच्याकडेही याहून फार काही नव्हते. मात्र तिथे रोज येऊन शिकवणारे कुणीतरी होते, आणि पोरांना मैदानातून कुणी हाकलत नव्हते.