चिजेची बांधणी

मैफलींत गवई थोडी आलापी करून चिजेचा मुखडा उचलतो आणि तबल्याच्या थापेबरोबर समेवर येतो. श्रोत्यांच्या माना त्याच क्षणीं डोलतात. पुढें अर्धा-पाऊण तास तो जें गातो त्यांत चिजेच्या ओळी पुऱ्या चारही नसतात. तेव्हां नवख्या श्रोत्यास सहज वाटतें, कीं गाणें म्हणजे गवयाच्या मनाची लहर, आणि चीज ही केवळ निमित्ताला. ही समजूत खरी नाहीं. त्या चार ओळींच्या मागें निदान सातशें वर्षांची बांधणी उभी आहे. आणि ती बांधणी कळली, म्हणजे गवई कोठें बांधलेला आहे व कोठें मोकळा आहे, हें ओळखूं येतें.

ह्या बांधणीचें एक जुनें आणि अतिशय सविस्तर वर्णन महाराष्ट्राच्याच भूमीवर लिहिलें गेलें. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देवगिरीस यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा अधिकारी होता. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. आजा भास्कर दक्षिणेंत येऊन राहिला, आणि बाप सोढल यादवांच्या सेवेंत होता. शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील चौथा अध्याय प्रबंधांचा, म्हणजे बांधलेल्या गीतांचा आहे. गानाचे दोन भेद तेथें सांगितले आहेत: निबद्ध आणि अनिबद्ध. आलापी ही अनिबद्ध. ज्याला ठरलेलीं अंगें आणि ठरलेले भाग आहेत तें निबद्ध.

प्रबंधाला शार्ङ्गदेवानें मनुष्यदेहाची उपमा दिली. स्वर, बिरुद, पद, तेन, पाट आणि ताल हीं त्याचीं सहा अंगें. बिरुद म्हणजे स्तुतीचे शब्द, तेन म्हणजे मंगलवाचक अक्षरें, पाट म्हणजे वाद्यांचे बोल. तेन आणि पद हे ह्या पुरुषाचे नेत्र, पाट आणि बिरुद हे हात, ताल आणि स्वर हे पाय. वात, पित्त व कफ जसे देहाला धारण करतात, तसे प्रबंधाला धारण करणारे धातु चार: गीत उचलून देणारा उद्ग्राह, पुढील भागाशीं सांधणारा मेलापक, मग ध्रुव, आणि शेवटीं गीत पुरें करणारा आभोग. यांपैकीं मेलापक वगळला तरी चालतो, आभोग वगळला तरी चालतो. ध्रुव मात्र वगळतां येत नाहीं. म्हणूनच तो ध्रुव, न ढळणारा. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली ह्या एका नियमांत आहे.

दोन-अडीचशें वर्षांनीं ग्वाल्हेरास राजा मानसिंह तोमर गादीवर आला. इ. स. १४८६ ते १५१६ हा त्याचा काळ. संस्कृत प्रबंधांच्या जागीं देशी भाषेंतील ध्रुपदास त्याच्या दरबारीं मोठी प्रतिष्ठा मिळाली. ध्रुपदाचेही भाग चारच: अस्ताई, अंतरा, संचारी आणि आभोग. अस्ताई बहुधा मंद्र व मध्य सप्तकांत राहते. अंतरा तार षड्जाकडे चढतो. संचारी दोहोंकडे फिरते. आभोग पुन्हां वर जाऊन गीत पुरें करतो, आणि कवीची नाममुद्रा बहुधा तेथेंच येते. म्हणजे घराच्या खोल्या चारच राहिल्या. मात्र प्रत्येक खोली सप्तकाच्या कोणत्या मजल्यावर असावी, हेंही आतां ठरून गेलें.

अठराव्या शतकांत दिल्लीस महंमदशाह बादशहा (इ. स. १७१९ ते १७४८) असतांना, 'सदारंग' ह्या मुद्रेनें प्रसिद्ध असलेल्या नियामतखानानें पुष्कळ ख्याल बांधले. ख्यालांत अस्ताई आणि अंतरा हे दोनच भाग उरले. हें दारिद्र्य नव्हे. ख्यालाच्या गायकास बोलआलाप, बोलताना आणि ताना यांकरितां मोकळें अंगण हवें होतें. तें मिळावें म्हणून बांधकाम आटोपशीर झालें. बांधलेला भाग जितका आंखूड, तितका त्याच्यावरील भार अधिक. प्रत्येक फिरतीनंतर गवई ज्या मुखड्यावर परततो, तो मुखडा जुन्या ध्रुवाचेंच काम करीत असतो.

हा भार किती असतो, हें भूप आणि देशकार ह्या दोन रागांवरून कळतें. दोहोंचे स्वर तेच पांच: सा, रे, ग, प, ध. केवळ स्वर मोजूं गेल्यास दोन्ही राग एकच ठरतील. परंतु भूपाची चीज गांधारावर विसांवते आणि सप्तकाच्या पूर्वार्धांत रमते. देशकाराची चीज धैवतावर उभी राहून उत्तरार्धांत वावरते. पहिल्या आवर्तनांतच राग निश्चित होतो. गुरु शिष्यास रागाची व्याख्या सांगत बसत नसे. तो चीज देई, आणि चिजेबरोबर राग शिष्याच्या गळ्यांत उतरे.

याच कारणास्तव चीज हरवणें म्हणजे केवळ एक गीत हरवणें नव्हे. शार्ङ्गदेवानें वर्णिलेल्या प्रबंधांचीं लक्षणें आज वाचतां येतात. पण ते प्रबंध कोणाच्याही गळ्यांत उरलेले नाहींत. ख्यालाचीही तीच गत होण्याचा संभव होता. घराण्यांतील ठेवणीच्या चिजा बाहेर देण्यास पुष्कळ गवई नाखूष असत, आणि एक म्हातारा उस्ताद गेला कीं त्याच्याबरोबर कित्येक रचना जात.

मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं हें जाणलें. गांवोगांव हिंडून, उस्तादांच्या पायांशीं बसून, त्यांनीं चिजा मिळविल्या आणि सोप्या स्वरलिपींत उतरविल्या: मंद्र स्वराखालीं टिंब, कोमल स्वराखालीं आडवी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत अशा हजाराहून अधिक रचना छापल्या गेल्या. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत त्यांच्या प्रयत्नांनीं गवई आणि पंडित एकत्र बसले.

त्यांच्या ह्या कार्यावर आक्षेपही आले. मींड, कण आणि उच्चाराचा लहेजा कागदावर उतरत नाहीं. शिवाय एकच चीज निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळी गायिली जाते, आणि छापलेला एक पाठ इतर पाठांना मागें सारतो. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु ज्या रचनेचा एकही पाठ उरला नाहीं, तिच्या पाठभेदाचा वाद घालण्यास कोणीच उरत नाहीं. कागदावर राहतो तो सांगाडा. त्यांत प्राण घालण्याचें काम गळ्याचें आहे, आणि तें शार्ङ्गदेवाच्या काळींही गळ्याचेंच होतें. ध्रुव वगळतां येत नाहीं, हा देवगिरीस लिहिला गेलेला नियम गीताप्रमाणेंच परंपरेलाही लागू आहे: तिचे भाग कमी झाले तरी ती जगते, फक्त जेथें परतून यावयाचें ती जागा शाबूत राहिली पाहिजे.