बेने इस्राएल समाज : वृद्धसेवा आणि मराठी गायनाची परंपरा

वृद्धांची सेवा म्हणजे अन्न, वस्त्र व औषध यांची तजवीज, असा सामान्य समज आहे. तोराच्या आज्ञांत मात्र वृद्धांसमोर उठून उभे राहण्याचाही आदेश आहे. म्हणजे त्यांचा मान राखणे हेही कर्तव्यच मानिले आहे. बेने इस्राएल ह्या मराठीभाषक ज्यू समाजाच्या इतिहासावरून हे कर्तव्य भाषेशी किती निगडित आहे, ते दिसून येते.

हा समाज मूळचा कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. केहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली. घरची भाषा मराठी. प्रार्थनेची हिब्रू भाषा मात्र अनेकांस अर्थाने परकी होती. ही उणीव कीर्तनाने भरून काढली. 1880 साली हिंदू कीर्तनांनी प्रभावित होऊन ह्या समाजातील काही मंडळींनी स्वतःची कीर्तने सुरू केली. अब्राहम, योसेफ यांची आख्याने साकी, दिंडी, अभंग अशा वृत्तांत गाइली जाऊ लागली. गोरटे येथील दासगणू महाराजांच्या (1868–1962) कीर्तनपरंपरेशी परिचित असलेल्या नांदेडकडील वाचकास ही पद्धती मुळीच परकी वाटणार नाही.

तरुण पिढीच्या संघटित सेवेस 1913 साली स्थापन झालेल्या स्त्री मंडळामुळे बळ आले. डॉ. जेरूशा जिराड (1890–1984) ह्या त्याच्या संस्थापकांपैकी एक. ग्रँट मेडिकल कॉलेजातील शिक्षण नुकतेच संपवून त्या ह्या कार्यात पडल्या. पुढे मंडळातील स्त्रियांनी मराठी ज्यू गीतांचे गायनही जपले.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. 1951 साली भारतात ज्यूंची संख्या सुमारे 26 हजार होती. 2001 च्या जनगणनेत ती पाच हजारांच्या आत आली. येथे उरलेल्या वृद्धांची नातवंडे दूर गेली. तिकडे गेलेल्या वृद्धांची नातवंडे हिब्रूत वाढली. दोन्हीकडे अडचण एकच : आजीची गाणी समजून घेणारे घरात कोणी नाही. अलीकडे परदेशांतील तरुण ज्यू स्वयंसेवक मुंबईतील वृद्धांच्या सहवासात काम करून गेले आहेत. त्यांचा हेतू स्तुत्य होय. परंतु ज्या गीतांनी ह्या वृद्धांचे बालपण घडले ती मराठी आहेत, आणि ती भाषा न जाणणाऱ्यास त्यांत साथ देणे कठीण.

ह्यावरून आपल्या विद्यार्थ्यांनी बोध घ्यावा. नांदेड व लातूर जिल्ह्यांत ज्यू वस्ती नसली, तरी जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेल्या वृद्धा अजून आहेत. त्यांच्यापुढे केवळ प्रश्नावली घेऊन बसण्यापेक्षा त्यांस गावयास सांगावे, त्यांच्याबरोबर गावे आणि मग ते लिहून घ्यावे. असे केल्याने संशोधनास विश्वसनीय साधन मिळते आणि गाणाऱ्या वृद्धेस आपले ऐकणारे कोणी आहे, हे समाधान लाभते. ह्या कामास विलंब परवडणारा नाही. कारण गाणारी व्यक्ती गेली की गीतही जाते.