ज्योतीचें आसन



चुलीवरच्या गॅसची ज्योत स्थिर आहे असें आपण सहज म्हणतों. वस्तुतः ती क्षणभरहि स्थिर नसते. नळीच्या तोंडांतून वायु वर धांवत असतो आणि ज्वलन त्याच वायूंतून उलट तोंडाकडे धांवूं पाहतें. हे दोन वेग जेथें समान होतात तेथें ज्योत आसन मांडते. वायूचा वेग वाढला कीं ज्योत तोंड सोडून वर उचलली जाते. फारच वाढला तर ती विझते. आपल्या प्रांतांतील गॅसचा इतिहास हा बऱ्याच अंशीं या आसनाचाच इतिहास आहे.

मुंबईचे कांहीं रस्ते १८६५ सालीं गॅसच्या दिव्यांनीं उजळले. हा गॅस दगडी कोळसा हवेवांचून तापवून काढीत. लालबागच्या एका गल्लीस गॅस कंपनीचें नांव त्या उद्योगामुळेंच पडलें. हा गॅस एकजिनसी नव्हे, मिश्रण होतें: सुमारें निम्मा हायड्रोजन, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मिथेन आणि थोडा विषारी कार्बन मोनॉक्साइड. हवेंत मिसळलेल्या मिथेनमधून ज्योत सेकंदास सुमारें ४० सेंटिमीटर वेगानें पसरते. हायड्रोजनमधून सुमारें ३ मीटर. म्हणून कोळशाच्या गॅसची ज्योत तोंडाला घट्ट धरून बसे. भीति असे ती उलटी. १८५५ च्या सुमारास जर्मनींत बुन्सेननें जाळण्यापूर्वींच गॅसमध्यें हवा मिसळणारा बर्नर प्रचारांत आणला; त्यांत वायूचा वेग कमी पडला तर ज्योत मागें फिरून नळींतच शिरे.

शेणखताच्या गॅसची प्रकृति याहून अगदीं निराळी. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालींच मैल्यापासून निघालेल्या गॅसवर दिवे लावले गेले होते. पुढें जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टाकीचें संयंत्र सिद्ध केलें आणि खादी व ग्रामोद्योग आयोगानें तें खेडोपाडीं नेलें. आमच्या वढू बुद्रुकसारख्या गाईगुरांच्या गांवांस हें इंधन म्हणजे घरचीच दौलत. परंतु या गॅसांत मिथेन साधारणतः शेंकडा ५० ते ६५ असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायॉक्साइड. तो स्वतः तर जळत नाहींच, उलट ज्योतीची उष्णता पिऊन तिचा वेग मंद करतो. अशी मंद ज्योत अरुंद छिद्रांवर टिकत नाहीं. ती वर उचलली जाते, विझते आणि न जळलेला गॅस स्वयंपाकघरांत पसरतो. म्हणून गोबरगॅसच्या बर्नरची छिद्रें एकंदर मोठ्या क्षेत्रफळाचीं ठेवतात. त्यामुळें वायु सावकाश बाहेर पडतो.

आतां कोणी विचारील, उचललेली ज्योत अधांतरीं राहते तरी कशी? वर जातांना वायूचा झोत भोंवतालची हवा ओढून घेतो. मिथेनचें प्रमाण हवेंत शेंकडा ५ ते १५ असेल तरच मिश्रण पेटतें. हायड्रोजनला ४ ते ७५ इतकी मोठी सवलत आहे. बेल्जममधील दोन शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं असें मांडलें कीं, जेथें मिश्रण योग्य प्रमाणाचें आणि झोताचा वेग खळबळत्या ज्वलनाच्या वेगाइतका असतो, तेथें ज्योतीचा पाया ठरतो. मुंबईच्या आय. आय. टी. चे पदवीधर गौतम कलघटगी यांनीं १९८४ सालीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, एकाच गॅससाठीं ही उंची झोताच्या वेगाच्या प्रमाणांत वाढते. तोंडाच्या रुंदीवर ती अवलंबून नसते. गॅसची ज्योत जितकी चपळ, तितकी ती खालीं बसते. पायाजवळच्या भोंवऱ्यांचें कार्य काय, याविषयीं विद्वानांत पुढेंहि मतभेद राहिले.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाहीं. मुंबई-पुण्याच्या नळांतून आज येतो तो मुख्यतः मिथेन. सुरतेजवळ कवास येथें जानेवारी २०२३ पासून अशा गॅसमध्यें प्रथम शेंकडा ५ हायड्रोजन मिसळूं लागले. शेणाकचऱ्याचा गॅसहि कार्बन डायॉक्साइड काढून नळांत सोडतां येतो. इंधन वांचविण्याचे हे मार्ग स्वागतार्ह आहेत. मात्र एक मिश्रण ज्योतीला तोंडाकडे ओढतें, दुसरें तिला दूर लोटतें. म्हणून गॅस बदलतांना बर्नरचाहि विचार व्हावा. आपल्या चुलीवरची ज्योत आवाज करीत छिद्रांपासून सुटूं लागली, तर तें कौतुक म्हणून पाहूं नये. कळ बंद करून बर्नर जाणत्याकडून तपासून घ्यावा.