हात व खांद्याच्या क्रीडा दुखापती : प्रतिबंध आणि उपचार

चेंडू किंवा भाला फेकणे, मल्लखांबावर शरीराचा भार तोलणे, तंजावरसह तामिळनाडूत खेळल्या जाणाऱ्या सिलंबममध्ये लांब काठी वेगाने फिरवणे, या सर्व क्रियांमध्ये खांदा, कोपर आणि मनगटावर मोठा ताण पडतो. जानेवारी २०२४ मध्ये तामिळनाडूत झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सिलंबमचा प्रात्यक्षिक खेळ म्हणून समावेश करण्यात आला होता. अशा खेळांतील दुखापतींवर वेळीच योग्य उपचार न झाल्यास खेळाडूचा हात कायमचा अधू होऊ शकतो.

दुखापतींचे स्वरूप

या दुखापती दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार अकस्मात होणाऱ्या दुखापतींचा. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मुंबईकर श्रेयस अय्यर याच्या डाव्या खांद्याला इजा झाली. त्याच्यावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली.

दुसरा प्रकार अतिवापरामुळे हळूहळू उद्भवणाऱ्या दुखापतींचा. सचिन तेंडुलकर याला २००४ मध्ये झालेला 'टेनिस एल्बो' हे त्याचे परिचित उदाहरण होय. यात कोपराच्या बाहेरील बाजूस हाडाला जोडलेल्या स्नायूंच्या कंडरेची झीज होते. मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाल्यानंतर ऑक्टोबरमध्ये नागपूर येथील एकदिवसीय सामन्यात त्याने ९३ धावा केल्या. भालाफेकपटू नीरज चोप्रा याच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने टोकियो येथे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले.

प्रथमोपचार

दुखापत होताच खेळ थांबवावा. हात झोळीत स्थिर ठेवावा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. पहिले दोन-तीन दिवस शेक व मालीश टाळावे. निखळलेला खांदा मैदानावर ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये. त्यामुळे नसा व रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा किंवा हाड मोडण्याचा धोका असतो. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिल्यास पहिल्या क्ष-किरण चित्रात काही न दिसले तरी १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी, कारण तेथील लहान हाडाचा तडा प्रारंभी दिसत नाही.

परंपरा आणि सावधगिरी

तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल या संस्थेत देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकपद्धतींच्या जाणकारांना एकत्र आणले होते. रुग्णांवरील उपचारांच्या नोंदी ठेवण्यावर त्यांचा भर होता. दक्षिणेत व महाराष्ट्रातही आज अनेक जण प्रथम हाडवैद्याकडे जातात. मात्र बांबूच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास काही तासांतच स्नायू मरू लागतात. बोटे निळी पडणे, बधिर होणे किंवा ती सरळ करताना असह्य वेदना होणे ही धोक्याची चिन्हे असून, अशा वेळी बंधन त्वरित सोडून रुग्णालय गाठावे.

उपचार

बहुतेक अतिवापराच्या दुखापती विश्रांती आणि क्रमाक्रमाने वाढवलेल्या व्यायामाने बऱ्या होतात. टेनिस एल्बोवर स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. परंतु वर्षभरानंतर अशा रुग्णांची स्थिती इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे संशोधनात आढळले आहे. तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा.

प्रतिबंध

नॉर्वेतील हँडबॉल खेळाडूंच्या अभ्यासात, सरावापूर्वी आठवड्यातून तीन वेळा सुमारे १० मिनिटे खांद्याचे व्यायाम करणाऱ्या संघांत खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी आढळला. खांद्याच्या मागील बाजूचे व पाठीच्या फऱ्याभोवतालचे स्नायू बळकट करणे, सरावाचे प्रमाण एकदम न वाढवणे आणि पुरेशी विश्रांती घेणे ही प्रतिबंधाची मुख्य सूत्रे आहेत. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांची टोके नाजूक असतात. संघातील स्थान जाईल या भीतीने मुले वेदना लपवतात. म्हणून फेकताना दुखते अशी तक्रार मुलाने केल्यास प्रशिक्षक व पालकांनी ती दुर्लक्षू नये.