मुधोळ परिसर : झरे, ओढे आणि पाण्यातील अपृष्ठवंशी जीव

मुधोळ : तेलंगणाच्या निर्मळ जिल्ह्यातील मंडलाचे ठिकाण. ते गोदावरीच्या उत्तरेस, बासर–भैंसा मार्गावर वसले आहे. हैदराबाद संस्थानात हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी नव्या निर्मळ जिल्ह्यात आला. येथे मराठी, तेलुगू व उर्दू बोलल्या जातात. कर्नाटकातील घोरपडे संस्थानचे मुधोळ वेगळे.

खडक व पाणी : परिसरात बेसाल्ट व त्यावरची काळी जमीन आहे, गोदावरीकडे ग्रॅनाइट व पट्टिताश्म आढळतात. बेसाल्टमध्ये पाणी मुरमाच्या थरात आणि भेगांत साठते. पावसाळ्यात ओढ्यांकाठी पाझर फुटतात, उन्हाळ्यात त्यांतील बरेच आटतात. चुनखडकाचा पट्टा येथून पूर्वेस व ईशान्येस, आदिलाबाद, वणी आणि राजुरा–कोरपना भागांत पसरला असून तो पैनगंगा खडकगटात मोडतो. मातीतून झिरपताना पावसाचे पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, चुनखडक विरघळवते आणि भेगांच्या वाटा करते. अशा वाटांतून पाणी वेगाने वाहते, पण गाळले जात नाही. म्हणून घाणही लवकर पोचते.

ओढ्यांतील जीव : चतुर व टाचण्यांच्या अळ्या, पाणविंचू, पाणभुंगे, लाल रक्तकिडे, गोगलगायी, शिंपले आणि खेकडे हे दख्खनच्या ओढ्यांचे नेहमीचे रहिवासी. ओढा आटला की खेकडा बिळात ओलीपर्यंत उतरतो, काही गोगलगायी कवचाचे झाकण मिटून चिखलात पडून राहतात आणि चतुर उडून दुसरे पाणी गाठतात. कवचासाठी कॅल्शियम लागते, त्यामुळे चुनखडकातील पाणी गोगलगायींना विशेष मानवते.

विहिरी व नारू : पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या प्रथेमुळे सायक्लोप्स हा सूक्ष्म कवचधारी जीव माणसाच्या पोटात जाई आणि त्याच्यातील नारू या परजीवी कृमीच्या अळ्या शरीरात शिरत. मराठवाडा व आंध्र यांनी हा रोग दीर्घकाळ सोसला. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे आणि हातपंप बसवणे या उपायांनी तो हटला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. पाण्यातील एका किड्याचे जीवनचक्र समजून घेतल्याने लाखो लोकांची वेदना थांबली.

भूजलातील जीव : खडकांच्या भेगांत व नदीच्या वाळूखाली डोळे नसलेले, रंगहीन कवचधारी जीव राहतात. त्यांपैकी बॅथिनेला गटातील जीव बहुधा एखाद-दोन मिलिमीटरचे असतात आणि त्यांना पोहत दूर जाणारी अळीअवस्था नसते. त्यामुळे एकेक जाती लहानशा क्षेत्रातच सापडते. आचार्य नागार्जुन विद्यापीठाचे वाय. रंगा रेड्डी यांनी आंध्र प्रदेशातील नद्यांची वाळू, विहिरी आणि गुहा तपासून अशा अनेक जाती प्रथमच जगापुढे आणल्या. गुंटूर भागातील गुत्तिकोंडा गुहेतील आंध्राकॉइडिस शाबुद्दीन या समपाद जिवाचे वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे कूळ भारत व ऑस्ट्रेलियात आढळते आणि गोंडवनभूमीच्या प्राचीन जोडणीची साक्ष देते. बस्तरमधील कोटुमसर गुहेतूनही बॅथिनेला गटातील जाती ज्ञात आहे.

संवर्धन : हे जीव जिवाणू व सेंद्रिय कण खातात आणि भूजलाच्या अन्नसाखळीत आपला वाटा उचलतात. कूपनलिकांचा अतिउपसा, खतांचा निचरा आणि चुनखडकाच्या खाणी यांमुळे त्यांचा अधिवास संपतो. एकाच झऱ्यापुरती मर्यादित असलेली जाती तेथून गेली की ती जगातूनच जाते. खाणीला परवानगी देताना झाडे आणि पक्षी मोजले जातात. त्याच वेळी विहिरीचे पाणी बारीक जाळीतून गाळून त्यातील जीवही नोंदवले जाणे आवश्यक आहे. या प्रदेशातील भूजल ही पिण्याच्या पाण्याची ठेव आहे, तसेच ते प्राण्यांचे घरही आहे.