रांगेची रंगीत तालीम : संगणकावरील सिम्युलेशनची ओळख



नाटक बसवताना पहिल्या प्रयोगाआधी आपण रंगीत तालीम करतो. कोणता प्रवेश रेंगाळतो, वेषांतराला कोणाला वेळ पुरत नाही, हे तिथेच कळते आणि प्रेक्षकांसमोर फजिती टळते. पण रुग्णालय, बँक, कारखाना किंवा विमानतळ यांची अशी तालीम कशी करणार? खऱ्या रुग्णांना ताटकळत ठेवून प्रयोग करता येत नाहीत. म्हणून ही तालीम संगणकावर करतात. तिलाच सिम्युलेशन म्हणतात. आपल्यापैकी अनेकजण आयटीत, रुग्णालयांत, कारखान्यांत काम करतात आणि रांगेत तर सगळेच उभे राहतात. तेव्हा या विषयाची थोडी माहिती करून घेऊ या.

थोडा इतिहास

रांगेचे गणित पहिल्यांदा मांडले ते डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना १९०९ साली त्यांनी फोन कॉल्सच्या गर्दीवर संभाव्यतेच्या अंगाने निबंध लिहिला. पुढे १९४६ मध्ये अमेरिकेत स्टॅनिस्लाव उलाम आजारातून उठत असताना पेशन्सचा डाव खेळत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे कठीण, मग शंभर वेळा डाव मांडून मोजले तर? या विचारातून आणि जॉन फॉन नॉयमन यांच्या मदतीने 'मॉन्टे कार्लो' पद्धत जन्मली.

ती कारखान्यात आणण्यात इंग्लंडमधील शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपनीतील के. डी. टोचर यांचा मोठा वाटा आहे. पोलाद कारखान्याचे काम संगणकावर चालवून पाहण्यासाठी त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रोग्रॅम तयार केला. १९६१ मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांची जीपीएसएस ही भाषा आली. नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांनी 'सिम्युला' ही भाषा घडवली. आज सी प्लस प्लस किंवा जावा वापरणारे ज्यांना क्लास आणि ऑब्जेक्ट म्हणतात, त्यांचे मूळ या सिम्युलात, म्हणजे रांगांच्या अभ्यासातच आहे!

सरासरी कशी फसवते?

समजा, रक्त तपासणीच्या खिडकीवर एक परिचारिका आहे. एका माणसाला तिला सरासरी ४ मिनिटे लागतात आणि तासाला सरासरी १२ माणसे येतात. म्हणजे ६० पैकी ४८ मिनिटेच काम. वाटते की रांग लागायलाच नको. पण माणसे घड्याळ लावून येत नाहीत. कधी तिघे एकदम येतात, कधी एखाद्याची शीर सापडत नाही. येण्याच्या आणि कामाच्या वेळा अशा अनियमित धरल्या, तर गणिताने सरासरी १६ मिनिटे थांबावे लागते.

आता तासाला फक्त दोन माणसे वाढली, १२ ची १४ झाली. काम ५६ मिनिटांचे, अजूनही तासात बसणारे. पण थांबण्याची सरासरी होते ५६ मिनिटे! 'कर्मचारी चार मिनिटे रिकामे बसतात' म्हणून काटकसर करणाऱ्या व्यवस्थापकाने हा आकडा जरूर पाहावा.

दुसरी गंमत पाहा. अशा दोन खिडक्या आहेत, प्रत्येकीची रांग वेगळी आणि प्रत्येकीकडे तासाला १२ माणसे. दोन्हींसाठी एकच सामाईक रांग केली, तर तीच माणसे आणि त्याच परिचारिका असूनही १६ मिनिटांची सुमारे ७ मिनिटे होतात. खर्च शून्य.

मग सिम्युलेशन कशाला?

वरील उदाहरणे सूत्राने सुटतात. खरे रुग्णालय इतके सोपे नसते. इंग्लंडमध्ये २००४ साली एनएचएसने तातडीच्या विभागातील ९८ टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल लावण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१० मध्ये ते ९५ टक्के केले. पण तिथला उशीर बरेचदा त्या विभागात होतच नाही. उपचार झालेला रुग्ण वरच्या वॉर्डातील खाटेची वाट पाहतो. ती खाट अडवून बसलेला रुग्ण घरी जायला तयार असतो, पण त्याची औषधे आलेली नसतात किंवा घरी काळजी घेणाऱ्याची सोय झालेली नसते. अशा वेळी खाली आणखी डॉक्टर नेमून फारसे साधत नाही. सगळी साखळी एकत्र मांडली की मगच गाठ कुठे आहे ते दिसते.

काम साधारण असे चालते :

१. माणसे कधी येतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, याच्या खऱ्या नोंदी घेतात.
२. रुग्ण, कर्मचारी, खाटा आणि रांगा संगणकात मांडतात.
३. संगणक यादृच्छिक आकडे वापरून 'दिवस' चालवतो. त्याचे घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारते, त्यामुळे वर्षभराचे काम थोड्या वेळात होते.
४. असे शेकडो दिवस चालवून निकाल प्रत्यक्षाशी जुळतो का, ते तपासतात.
५. जुळला, तरच बदल करून पाहतात.

आपल्या घरचे उदाहरण

गणेशोत्सवात आरतीनंतर ४०० माणसे महाप्रसादाला एकदम उभी राहतात असे धरू. दोन टेबले, प्रत्येकी मिनिटाला ४ पाने. शेवटच्या माणसाला ५० मिनिटे. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी वाढले तर २५ मिनिटे, असे वाटते. पण प्रत्येकी ३ पुऱ्या धरल्या, तर मिनिटाला ४८ पुऱ्या हव्यात आणि स्वयंपाकघरातून निघतात २४. रांग पुन्हा तितकीच! उपाय म्हणजे ६०० पुऱ्या आधी तयार ठेवणे, अर्थात कढई २५ मिनिटे लवकर चढवणे. पुऱ्या थोड्या निवतील, पण आजी-आजोबा ताटकळणार नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेणारे आणि उशिरा येणारे यांचा हिशेब करायचा, तर मात्र संगणक हवा.

सावधान!

सिम्युलेशन भविष्य सांगत नाही. नोंदी चुकीच्या असतील तर पडद्यावरची सुंदर चित्रे दिशाभूल करतात. माणसे कंटाळून रांग सोडतात, कर्मचारी घाईच्या वेळी नियम वाकवतात. हे कागदावर नसते. म्हणून प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारल्याशिवाय प्रतिकृती पुरी होत नाही. एकाच फेरीच्या निकालावरही विसंबू नये.

ज्यांना हात चालवून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी पायथन भाषेतील 'सिमपाय' मोफत उपलब्ध आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना सुट्टीतला हा छान प्रकल्प होईल. यंदाच्या महाप्रसादाला कोणी घड्याळ घेऊन नोंदी करायला तयार असेल, तर कार्यकारिणीला जरूर कळवावे!