अमेरिकेतील पौर्वात्य धर्मविचारांचा प्रसार : विचारांचे स्वागत, माणसांना मज्जाव

प्रस्तावना

पाश्चात्त्य समाजात हिंदू व बौद्ध धर्मविचार लोकप्रिय का झाले, या प्रश्नाचे एक उत्तर भारतात रूढ आहे. भौतिक सुखाला विटलेला पाश्चात्त्य माणूस मन:शांतीसाठी पूर्वेकडे वळला, असे ते उत्तर होय. त्यात तथ्यांश आहे. परंतु ही लोकप्रियता केव्हा, कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या द्वारे आली, याचा उलगडा त्यातून होत नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. ज्या काळात पौर्वात्य विचारांचे तेथे स्वागत होत होते, त्याच काळात पौर्वात्य माणसांना तेथे मज्जाव होता. ही विसंगती ध्यानात घेतल्यावाचून लोकप्रियतेची कारणमीमांसा पूर्ण होत नाही.

ग्रंथांद्वारे झालेला परिचय

अमेरिकेत पूर्वेचे विचार प्रथम पोहोचले ते ग्रंथांतून. चार्ल्स विल्किन्स यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. इमर्सन व थोरो यांनी ते आस्थेने वाचले. डार्विनच्या १८५९ मधील ग्रंथामुळे आणि बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेमुळे सुशिक्षितांच्या परंपरागत श्रद्धेला तडे गेले. धर्म तर हवा, पण तो विज्ञानाशी विसंगत नको, अशी या वर्गाची मनोभूमिका बनली. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. १८७९ मध्ये एडविन अर्नोल्ड यांचे बुद्धचरित्रपर काव्य प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी मॅक्सम्युलर यांनी संपादिलेल्या पौर्वात्य धर्मग्रंथांच्या ५० खंडांच्या मालेस प्रारंभ झाला. म्हणजेच, वक्ते येण्यापूर्वीच श्रोतृवर्ग तयार झालेला होता.

शिकागो परिषद आणि धर्माची नवी मांडणी

सप्टेंबर १८९३ मधील शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद, अनागारिक धर्मपाल, जपानचे शाकू सोएन, जैन धर्माचे वीरचंद गांधी आणि मुंबईच्या ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकर उपस्थित होते. विवेकानंदांनी १८९४ मध्ये न्यूयॉर्क येथे वेदांत सोसायटी स्थापन केली. १८९६ मध्ये त्यांचा 'राजयोग' हा ग्रंथ आला. धर्म म्हणजे स्वत: पडताळून पाहण्याचा अनुभव, ही त्यातील मांडणी वरील वर्गाला मानवणारी होती. शाकू सोएन यांचे शिष्य डी. टी. सुझुकी यांनीही पुढे झेनचे विवेचन करताना अनुभवावरच भर दिला. कुलाचार, व्रतवैकल्ये व जातिव्यवस्था या बाबी अशा मांडणीत मागे पडल्या. पूर्वेचा धर्म जसाच्या तसा नव्हे, तर निवडक रूपात तेथे पोहोचला.

कायद्याची चाळणी

ही निवड केवळ वैचारिक नव्हती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. १९०७ मध्ये बेलिंगहॅम येथे लाकूड गिरण्यांतील पंजाबी कामगारांवर हल्ले होऊन त्यांना शहर सोडावे लागले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा भूभाग निषिद्ध ठरविला. मात्र याच कायद्यात धर्मोपदेशक, विद्यार्थी, व्यापारी इत्यादींना सूट होती. मजुराला दार बंद आणि उपदेशकाला उघडे, अशी ही व्यवस्था होती. परमहंस योगानंद १९२० मध्ये बोस्टन येथे एका धर्मपरिषदेसाठी गेले आणि पुढे त्यांनी तेथे मोठा शिष्यवर्ग मिळविला, ते या बंदीच्याच काळात.

भगतसिंग थिंड यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी सैन्यात सेवा केली होती. तरीही १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ते कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नसल्याने नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निर्णय दिला. हेच थिंड पुढे अमेरिकाभर अध्यात्मावर व्याख्याने देत राहिले. ज्यांचे व्याख्यान ऐकण्यास श्रोते जमत, त्यांना त्या देशाचे नागरिक होण्यासाठी १९३६ पर्यंत थांबावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांत बौद्धांची संख्या मोठी होती. अनेक बौद्ध पुरोहितांना तर आधीच अटक झाली होती. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत सुझुकी यांची कोलंबिया विद्यापीठातील व्याख्याने गाजू लागली.

१९६५ नंतरचा कालखंड

१९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा पद्धती संपुष्टात आणली. त्याच वर्षी भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९६६ मध्ये त्यांनी इस्कॉनची स्थापना केली. व्हिएतनाम युद्धामुळे प्रस्थापित संस्थांवरील विश्वास गमावलेली तरुण पिढी त्यांना श्रोता म्हणून लाभली. कायद्यामुळे आलेल्या स्थलांतरितांनी पुढे मंदिरे व विहार उभारले, आणि ग्रंथांतून परिचित झालेला धर्म कुटुंबे, सण व नैवेद्य यांसह शेजारी राहावयास आला.

निष्कर्ष

पौर्वात्य धर्मविचारांच्या लोकप्रियतेमागे श्रद्धेचे संकट, भाषांतरे, अनुभवप्रधान मांडणी आणि स्थलांतरविषयक कायदे ही कारणे एकत्रितपणे कार्यरत होती. विचार स्वीकारला म्हणजे तो विचार घेऊन आलेला समाज स्वीकारला, असे होत नाही. म्हणून या लोकप्रियतेकडे केवळ सांस्कृतिक विजय म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. विवेकानंदांच्या सभेतील टाळ्यांबरोबर बेलिंगहॅमच्या गिरणी कामगारांची हकालपट्टीही या इतिहासात नोंदविली गेली पाहिजे.